खारीचे छत्तीस फोटो

मी जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. रोल घालावा लागतो, त्या जातीचा. तुमच्या घरातला फोन मला ओळखणार नाही, पण मी त्याला ओळखतो. माझे काम त्यानेच तर घेतले. राग नाही माझा. त्याला फोटो काढायला पोट लागत नाही, मला लागते. माझ्या पोटात एका वेळी छत्तीस फोटोंची फिल्म बसते, आणि एकदा पाठीमागचे झाकण लागले की आत काय चालले आहे ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मलाही ते सांगता येत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे डगले घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या असत, प्रत्येकीच्या हातात चिमटा. एकीने माझ्यात स्प्रिंग बसवली, दुसरीने पडदा, तिसरीने भिंग. टेबलाच्या शेवटी एक म्हातारा तपासनीस होता. तो आम्हाला एकेकाला कानाशी धरून शंभर वेळा खटका दाबायचा आणि नुसत्या आवाजावरून पास-नापास ठरवायचा. माझ्या वेळी त्र्याण्णवाव्या खटक्याला तो थांबला. मला वाटले, संपले सगळे. पण त्याला फक्त शिंक आली होती.

मला विकत घेतले एका स्टुडिओच्या मालकांनी. गल्लीत सगळे त्यांना ‘फोटोवाले’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. मागे रंगवलेला पडदा, पुढे फिरते स्टूल, दोन मोठे दिवे आणि भिंतीवर एक आरसा, त्याला दोरीने बांधलेला कंगवा. कंगवा पूर्वी तीन वेळा चोरीला गेला होता, म्हणून दोरी. “हनुवटी खाली. एवढी नाही. मान डावीकडे. अहो, तुमची डावी, माझी नव्हे. डोळे कशाला मिटता, इंजेक्शन नाही देत मी,” असे बोलत बोलत फोटोवाले खटका दाबत आणि समोरचा माणूस हसू लागला की म्हणत, “झाला. कळला पण नाही ना?”

पडद्याच्या मागे एक चिंचोळी खोली होती. तिथे त्यांची बायको बसे. तिचे काम टचिंगचे. पुढे उतरती काच, काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह. पेन्सिलीचे टोक काचकागदावर घासून सुईसारखे केलेले, आणि शेजारी केसाएवढे बारीक ब्रश. फोटोतल्या चेहऱ्यावरची पुटकुळी ती पुसून टाकी. कपाळावरची आठी काढी. मिटलेले डोळे उघडून देई. एका लग्नात नवरदेव रुसून बसला होता, त्याला तिने ब्रशच्या दोन रेघांत हसवला. गल्लीत तिला टचिंगबाई म्हणत. “देवाकडून राहिलं ते टचिंगबाईंकडून करून घ्या,” असे लोक फोटोवाल्यांना सांगून जात.

त्या दोघांची वाटणी पक्की होती. कॅमेरा त्यांचा, ब्रश तिचा. तिने मला कधी हात लावला नाही.

“तुमचं यंत्र तुम्हालाच लखलाभ,” ती म्हणायची.

“आणि मी तुझी पेन्सिल धरली तर माणसाचं गाढव होईल.”

“न धरताही होतंच की कधी कधी.”

फोटोवाल्यांना एक सवय होती. दर फोटोनंतर ते उजव्या अंगठ्याने माझा फिल्म पुढे सरकवणारा चाप ओढत आणि त्याच वेळी डाव्या हाताची दोन बोटे माझ्या डाव्या खांद्यावरच्या गोल बटणावर हलकेच ठेवत. मांजराचा कान धरावा तशी. टचिंगबाईंना त्याचे फार हसू येई. “कुरवाळून झालं असेल तुमच्या लाडक्याला, तर जेवायला चला,” असे ती दाराशी उभी राहून म्हणे. ते नुसते हसत. का करता, हे तिने कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही. चौतीस वर्षे असेच चालले.

मग फोन आले. फिरते स्टूल रिकामे राहू लागले. पासपोर्टच्या फोटोलाही कोणी येईना. एके दिवशी फोटोवाल्यांनी स्टुडिओचे शटर ओढले, मला चामड्याच्या पिशवीत घातले आणि समोरच्या इमारतीतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेले. दोन वर्षांनी ते गेले. त्यांच्या पाठोपाठ मला कपाटात ठेवले, स्वेटरांच्या खाली.

मित्रांनो, कपाटातले दिवस कसे असतात सांगू? काळोखाची मला सवय आहे, माझे सगळे काम आतून काळोखातच चालते. पण आमचा काळोख वाट बघण्याचा असतो. आता खटका होईल, आता क्षणभर उजेड येईल, असे वाटत राहते. स्वेटरांखालच्या काळोखात कशाचीच वाट बघायची नव्हती. भिंगाच्या कडेला बुरशीचा बारीक ठिपका धरला. चार हिवाळे गेले. दर हिवाळ्यात एक स्वेटर निघायचा, म्हणजे टचिंगबाईंचा. दुसऱ्याला कोणी हात लावत नसे.

बाईंना मूलबाळ नव्हते. होती फक्त एक मोठी बहीण. ताई रेल्वेने आठ तासांवरच्या गावी एका वृद्धाश्रमात होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या पलंगाजवळच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत तेवढी दिसे. बाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे जाणे-येणे थांबले होते. रोज दुपारी चार वाजता फोन व्हायचा. बाईंना कमी ऐकू येते म्हणून आवाज मोठा ठेवलेला असे, आणि मला कपाटात सगळे ऐकू येई.

“जेवलीस?”

“जेवले. तू?”

“जेवले. गोळ्या?”

“घेतल्या.”

“बरं, ठेवते मग.”

दोन म्हाताऱ्या बहिणी, आणि बोलायला एवढेच. प्रेम आटले होते असे नाही. रोज रोज काही घडतच नव्हते, तर सांगणार काय?

आणि एक दिवस बाईंच्या खिडकीतून एक खार आत आली.

ती सरळ पलंगावर गेली आणि उशी जिथे उसवली होती तिथून कापूस ओढू लागली. तोंडात मावेना एवढा कापूस कोंबून, पांढऱ्या मिशांचा म्हातारा दिसावा तशी ती खिडकीत थांबली, बाईंकडे पाहिले आणि गेली. तिचा एक कान टोकाला तुटलेला होता. बाई हातात पोळपाट घेऊन दाराशी खिळल्यासारख्या उभ्या होत्या. त्या दिवशी चारच्या फोनवर गोळ्यांपर्यंत गोष्ट आलीच नाही.

“उशी फाडली? तुझ्यासमोर?”

“अगं, माझ्याकडे बघून. जशी काही मीच तिच्या घरात शिरलेय.”

ताई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. मग म्हणाल्या, “धाकटे, मला दाखव ना ती. इथे नुसती भिंत आहे. फोटो काढून पाठव.”

फोन ठेवून बाईंनी कपाट उघडले.

त्यांच्याकडे फोटो काढणारा मोबाईल नव्हता आणि असता तरी त्यांनी मलाच कपाटातून बाहेर काढले असते, असे मला आपले वाटते. पुसून पुसून त्यांनी मला चकचकीत केले. गावात फिल्म धुणारा एकच लॅबवाला उरला होता, दोन गल्ल्या पलीकडे. त्याने मला हातात घेतले आणि म्हणाला, “काकांचा ना? द्या काकू, रोल मी घालून देतो. तुम्ही फक्त डोळा लावा आणि दाबा.”

पहिल्या रोलमध्ये, खोटे कशाला सांगू, छत्तीस फोटोंत मिळून सव्वातीन खारी होत्या. बाकी सगळ्या निघून गेल्यानंतरच्या फांद्या. पण बाईंच्या हातात टचिंगवालीची चिकाटी होती. त्या शिकल्या. गॅलरीत बुटक्या स्टुलावर बसायचे. खारीकडे थेट बघायचे नाही, शेजारी बघायचे. डब्याच्या झाकणात शेंगदाणे ठेवायचे आणि श्वास धरायचा. घरात आणलेल्या शेंगदाण्यांत खारीचा वाटा म्हणतात तो आमच्याकडे अर्ध्याहून जास्त होता. हळूहळू माझ्यात खरीखुरी चित्रे येऊ लागली. दोन्ही हातांत दाणा फिरवत खाणारी खार. तापलेल्या कठड्यावर वाळत घातलेल्या मोज्यासारखी पसरलेली खार. विजेच्या तारेवरून शेपटीचा तोल सावरत धावणारी. तुटक्या कानाची सगळ्यांत धीट.

बाई चांगले फोटो निवडून पाकिटात घालून ताईंना पाठवत. तिकडून फोनवर त्याची साग्रसंगीत चिकित्सा होई. “ती तिसरी जरा जाडी दिसते गं. तू फार खायला घालतेस.” “जाडी नाही ताई, दिवस राहिलेत तिला.” “अगं बाई! मग सांगत का नाहीस?” आता चारचा फोन पावणेपाचपर्यंत चाले. मला वाटे, मी नुसता फोटो काढत नाही, तर दोन टोकांना धरून ठेवलेली दोरी आहे. अभिमान वाटायचा मला. वाटू नये, पण वाटायचा.

इमारतीच्या तळाशी शिंपीणबाईंचे दुकान होते. त्यांच्या दुकानावरची ताडपत्री गुंडाळून वर बांधलेली होती आणि तुटक्या कानाच्या खारीने बाईंच्या उशीचा कापूस नेऊन त्या गुंडाळीत घर केले होते. उन्हे तापू लागल्यावर शिंपीणबाई ताडपत्री सोडायला निघाल्या, तर बाई तिसऱ्या मजल्यावरून ओरडल्या, “सोडू नकोस गं! बाळंतीण आहे ती!”

“काकू, ऊन डोळ्यांत येतंय. सुईचं भोक दिसत नाही.”

“महिनाभर थांब.”

“माझ्या बाळंतपणात कोणी इतकं थांबलं नव्हतं!” शिंपीणबाई खालून म्हणाल्या. पण त्यांनी एक जुनी चादर बांधून सावली केली आणि ताडपत्रीला हात लावला नाही. जाता-येता बाईंना चिडवत मात्र, “आमचाही फोटो काढा की कधी. का त्याला शेपूट लागते?”

ताईंचा एकच धोशा होता. “पिल्लं बाहेर आली की मला बघायची आहेत. बाकी काही नको. तेवढ्यासाठी मी मरायचं पुढे ढकललंय, सांगून ठेवते.” त्या हसत म्हणत, पण त्यांचा आवाज आठवड्या-आठवड्याने पातळ होत चालला होता, हे मला कळत होते. बाईंनाही कळत असावे.

आणि मग ती सकाळ आली.

इमारतीला रंग द्यायला माणसे आली. बांबू उभे राहू लागले, ठोकाठोक सुरू झाली, आणि तुटक्या कानाची खार ताडपत्रीतून बाहेर येऊन चिरकू लागली. बाई गॅलरीत आल्या. बघतात तो खार परत आत शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात पिल्लू होते. पिल्लाच्या पोटाला तिने दातांत धरले होते आणि ते तिच्या गळ्याभोवती मफलरसारखे गुंडाळले गेले होते. ती घर बदलत होती. ताडपत्रीवरून बांबूवर, बांबूवरून तारेवर, तारेवरून रस्त्यापलीकडच्या झाडाच्या ढोलीत.

मी रिकामा होतो. आदल्या दिवशीच रोल धुवायला दिला होता. नवा रोल टेबलाच्या खणात होता, पण तो घालून देणारा लॅबवाला दोन गल्ल्या पलीकडे, आणि बाईंच्या गुडघ्यांना त्या दोन गल्ल्यांना अर्धा तास लागे. तोवर खार काही थांबणार नव्हती. बाईंनी जन्मभर नवऱ्याला रोल घालताना पाहिले होते. त्यांनी स्वतःच माझे झाकण उघडले.

त्यांचे अर्धे लक्ष तारेवरच्या खारीकडे होते. फिल्मची जीभ त्यांनी ओढून उजवीकडच्या फिरकीच्या खाचेत खोवली, बरोबर जागी खोवली, फक्त पुरेशी आत नाही. झाकण लागले. त्यांनी चाप ओढला, आणि दुसऱ्या ओढीला ती जीभ खाचेतून सुटली.

मला ते कळले, मित्रांनो. मला एकट्यालाच कळले.

माझा आकडा पुढे सरकत होता, कारण तो फक्त चाप मोजतो. माझा खटका नेहमीसारखाच वाजत होता. बाई डोळा लावून, श्वास धरून, एकेक क्षण अचूक पकडत होत्या. पहिले पिल्लू तारेच्या मध्यावर. खट्. दुसरे ढोलीच्या तोंडाशी. खट्. तिसरे तिच्या तोंडातून निसटून खालच्या चादरीवर पडले, बाईंच्या घशातून आवाज निघाला, पण बोट चुकले नाही. खट्. आई खाली उतरली, तिने ते उलटेपालटे करून पाहिले, पुन्हा तोंडात धरले. खट्. चौथे नेल्यावर ती एकदा परत आली, रिकाम्या घरात डोकावली, राहिले नाही ना कोणी म्हणून. खट्. इतके नेमके फोटो चौतीस वर्षांत माझ्यातून कोणी काढले नव्हते. आणि माझ्या आत फिल्म जागच्या जागी उभी होती. मी दर वेळी पडदा उघडत होतो आणि उजेड एकाच जागेवर पडून वाया जात होता. ओरडायला मला खटक्याखेरीज आवाज नाही.

छत्तीस झाले. रोल संपला की माझा चाप अडतो. तो अडला नाही. सदतीस, अडतीस. “बघ, दोन जास्तीचे मिळाले,” असे बाई आनंदाने मलाच म्हणाल्या.

चार वाजता त्यांनीच फोन लावला. “ताई, चारही पिल्लं! डोळ्यांसमोर नेली तिने. छत्तीस फोटो काढलेत, वर दोन जास्तीचे! धुऊन आले की पाठवते. आत्ता काही सांगत नाही, तू बघच.”

“नको सांगूस,” ताई म्हणाल्या. “मला बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी लॅबवाल्याने बाईंना आत बोलावून खुर्ची दिली.

“बसा काकू. चहा सांगू?”

“चहा राहू दे. आले का?”

“काकू, रोल कोरा आहे.”

बाईंना वाटले, आपल्याला नीट ऐकू आले नाही. त्याने फिल्म उजेडात धरून दाखवली. पारदर्शक पट्टी, सुरुवातीला एक काळा डाग, बाकी काही नाही. जीभ सुटली असणार, असे त्याने समजावून सांगितले. मग तो म्हणाला, “काका कसे चाप ओढताना डाव्या बटणावर बोटं ठेवायचे, आठवतं? तसं ठेवलं असतं तर कळलं असतं.”

“ते तर...” बाई म्हणाल्या, “ते लाडानं ठेवायचे.”

“लाड नव्हे हो काकू. फिल्म सरकत असली की ते बटण आपोआप फिरतं. नाही फिरलं तर समजायचं, आत काही चाललं नाहीये. दर फोटोला तपासायचे ते.”

बाई बराच वेळ माझ्या डाव्या खांद्याकडे बघत बसल्या. “चौतीस वर्षं मी त्यांना हसले,” एवढेच त्या म्हणाल्या. लॅबवाल्याने तरीही चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरची पेटी उतरवायला शिंपीणबाईंना वर बोलावले. पेटीत केसाएवढे ब्रश होते, भिंग होते, काळ्या-करड्या रंगांच्या वड्या होत्या. जुन्या फोटोंतून त्यांनी एक निवडला, तुटक्या कानाची तारेवरून धावतानाचा. मग तीन दिवस, उजेड असेतो, खिडकीशी बसून त्यांनी त्या खारीच्या तोंडात पिल्लू रंगवले. मी शेजारीच टेबलावर होतो. काय हात होता, मित्रांनो! वय झालेला, थरथरणारा हात ब्रश टेकताच स्थिर व्हायचा. पिल्लू गळ्याभोवती वळलेले, पाय दुमडलेले, मिटलेले डोळे, छान गोंडेदार शेपूट. कोणी म्हणणार नाही की हे रंगवले आहे. फोटो पाकिटात गेला.

आठवड्याने चारचा फोन ताईंनीच लावला. “धाकटे, पोचला गं! भिंतीवर लावलाय. इथल्या सगळ्या येऊन बघून जातात. आता नीट सांग. किती वेळ चाललं होतं? पडलं का एखादं?”

मला वाटले, आता गप्पांना ऊत येणार. पण बाई म्हणाल्या, “नाही... म्हणजे, झालं पटकन.”

“बाकीचे पस्तीस कुठेत?”

“पाठवते हं. जेवलीस?”

दुसऱ्या दिवशी ताईंनी पुन्हा विचारले. बाईंनी पुन्हा विषय बदलला. खरे सांगायला गेले तर फोटो खोटा ठरणार, म्हणून पडलेल्या पिल्लाचेही सांगता येईना. चारचा फोन पुन्हा चार वाजून तीन मिनिटांनी संपू लागला. जेवलीस, जेवले, गोळ्या, घेतल्या. इतक्या महिन्यांनी मिळवलेले बोलणे एका सुंदर फोटोने बंद करून टाकले. बाई फोन ठेवून गॅलरीत जात, पण मला बरोबर नेत नसत. त्या दिवसांइतका एकटेपणा मला स्वेटरांखालीही वाटला नव्हता.

नवव्या दिवशी गोळ्यांनंतर बाई एकदम म्हणाल्या, “ताई, तो फोटो खोटा आहे. मी रंगवलाय.”

ताई म्हणाल्या, “माहितीये मला.”

“कधीपासून?”

“पाकीट फोडलं तेव्हापासून. पिल्लाला कधी गोंडेदार शेपूट असते का गं? लहानपणी चपलेच्या खोक्यात आपण एक पिल्लू ठेवलं होतं, कापसाच्या वातीनं दूध पाजायचो. विसरलीस? सुतळीएवढी शेपूट होती त्याची. तू म्हणायचीस, हे उंदीर निघालं तर?”

“सुतळीएवढीच होती,” बाई हळूच म्हणाल्या. “चौघांचीही. मला दिसली होती की. पण ब्रश हातात आला आणि...”

“आणि टचिंग झालं. जन्मभर लोकांच्या पुटकुळ्या पुसल्यास, आता खारींनाही सोडेनास?”

बाई हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. छत्तीसच्या छत्तीस कोरे गेले, नवऱ्याचे ते बटण, लॅबवाल्याची खुर्ची, सगळे त्यांनी सांगून टाकले.

“नऊ दिवस विचारतेय मी,” ताई म्हणाल्या. “फोटो राहू दे. तू पाहिलंस ना? मग सांग. पहिल्यापासून.”

आणि बाई सांगू लागल्या. माझ्यातून आलेला एकही फोटो नव्हता, पण त्यांना छत्तीसही पाठ होते. बांबू कसा हलत होता, तार कशी झुकली, पिल्लू पडले तेव्हा खाली शिंपीणबाई कात्री हातात धरून कशी पुतळ्यासारखी थांबली, आई रिकाम्या घरात कशी डोकावून गेली. मध्येच ताई म्हणत, “थांब, थांब. उजवीकडून की डावीकडून?” आणि बाई डोळे मिटून सांगत. गॅलरीतले ऊन भिंतीवर चढले आणि गेले, तरी फोन चालूच होता.

ताईंना त्यानंतर दोन महिने मिळाले. बाई लॅबवाल्याकडे जाऊन रोल घालायला शिकल्या. चाप ओढताना डाव्या बटणावर दोन बोटे ठेवू लागल्या. पिल्ले मोठी झाली, ढोलीबाहेर येऊन एकमेकांच्या अंगावर पडू लागली. बाईंनी त्यांचे फोटो काढायला घेतले. अकरा काढून झाले होते. त्याच दुपारी, चार वाजायच्या आत, वृद्धाश्रमातून फोन आला.

मित्रांनो, ते अकरा फोटो अजून माझ्या पोटात आहेत.

चांगले आहेत ते, मी सांगतो. या वेळी फिल्म सरकत होती. पण बाई बारावा काढत नाहीत. रोज सकाळी मला गळ्यात अडकवून त्या गॅलरीत येतात, बुटक्या स्टुलावर बसतात, मला डोळ्याला लावतात. पिल्ले आता त्यांच्या हाताएवढ्या अंतरावर येतात. बोट खटक्यावर असते. मग त्या मला खाली ठेवतात. रोल संपला तर तो धुवावा लागेल, धुतला तर फोटो येतील, आणि आलेले फोटो पाकिटात घालून पाठवायचे कोणाला? चार वाजता त्या फोनकडे बघतात आणि चहा टाकतात.

जुन्या वस्तू जपा, पुसून ठेवा, हे आम्ही सगळेच तुम्हाला सांगतो. मला बुरशी धरली तर ती पुसता येते, त्याचे फार नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या गल्लीतही कोणी एकटे माणूस गॅलरीत बसून काहीतरी टक लावून बघत असेल. एकदा वर जा. ‘काय बघताय?’ म्हणून विचारा आणि उत्तर लांबले तरी घाई करू नका. आणि बाईंच्या जिन्यावरून कधी जाणे झाले, तर तिसऱ्या मजल्यावर थांबून एवढेच म्हणा, ‘काकू, पंचवीस राहिलेत अजून. काढा ना. आम्हाला बघायचेत.’